कालबाईंचा प्रश्न

शहरात घरोघरी फिरून बेकारांची मोजणी करणाऱ्या आम्ही सहाजणी. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या बाईंना ऑफिसात ‘कालबाई’ म्हणत. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

नदीपलीकडच्या उंच इमारतींत लोक बिनदिक्कत सांगत, सध्या ब्रेक घेतलाय. बंद कारखान्यांच्या भागात मात्र ज्याला त्याला काम असे! घरात खायचे वांधे, पण ‘काम आहे का?’ म्हटलं की छाती पुढे काढून ‘आहे की!’ म्हणत. त्यामुळे कागदावर तो भाग सुखी. वरच्या साहेबांनी तिथलं रोजगार केंद्रच बंद करायला काढलं. बेकारच नाहीत तर केंद्र कशाला?

कालबाई ‘काम आहे का?’ असं विचारतच नसत. ऐसपैस बसत आणि म्हणत, “काल सकाळी कुठे गेला होतात?” नोकरीबद्दल माणूस सहज थाप मारतो, कालच्या दिवसाबद्दल अडखळतो. त्यांनी भांडून फेरमोजणी मिळवली. साहेब म्हणाले, तुम्ही राईचा पर्वत करताय. त्या म्हणाल्या, पर्वतच आहे, तुम्ही राई लिहून घेतलीत.

फेरमोजणीची घरं चिठ्ठ्या टाकून निवडली, त्यांत नेमकं त्यांचंच घर निघालं; त्याही त्याच भागात राहत. स्वतःच्या घराची नोंद स्वतः करायची नाही असा नियम, म्हणून मी गेले. दोन खोल्या. कालबाई नियमाप्रमाणे आत गेल्या. त्यांचे यजमान छापखान्यात कामाला, असं आम्ही ऐकून होतो; नुकतेच डबा घेऊन परतले होते. हसून म्हणाले, काम मजेत चाललंय. तेवढंच लिहून मी उठणार होते, पण माझीच मला लाज वाटली.

“काका, काल सकाळी कुठे गेला होतात?”

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “वाचनालयात. आठ महिने तिथेच बसतो. हिला सांगू नकोस.”

कालबाई आतल्या दारात उभ्या होत्या. “मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “साऱ्या गावाला विचारत फिरले, तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही.”

काकांनी मान खाली घातली. मला तो कागद फाडून टाकावासा वाटला. कालबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “थांबलीस का? काम शोधताय का, ते विचार. नाहीतर बेकारांत धरत नाहीत.”

मी विचारलं. काकांनी उत्तर मला दिलंच नाही. बायकोकडे बघून म्हणाले, “रोज शोधतो गं.”