खंडेनवमीची खीळ

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली विश्राम लोहाराचा भाता होता. गोऱ्या साहेबांचं राज्य तेव्हा चांगलं मुरलं होतं आणि भाड्याच्या घोडागाड्यांना ब्रेक लागू लागले होते. ते बसवायचा विश्राम. नट आवळून झाला की बोल्टच्या टोकाशी भोक पाडून त्यात दुपाखी खीळ घालायची आणि तिचे दोन्ही पाय उलटे वाकवायचे, त्याशिवाय तो गाडी सोडायचाच नाही. "नट कितीबी आवळ, खड्ड्यांत गाडी उडाली का तो सैल व्हतोच. ही खीळ त्याला पडू देत नाय," हे ऐकवून ऐकवून त्याने गाडीवाल्यांना वीट आणला होता.

त्याचा दोस्त गाडीवाला काळुराम. माणूस भला, पण देवाचं नाव निघालं की अक्कल गहाण.

त्या वर्षी खंडेनवमीला विश्रामने हातोडे, सांडशी देवापुढे मांडली. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही रीत. पोटुशी लेक नंदा बाळंतपणाला आली होती. किल्ल्यावरच्या देवीची ओटी भरायला काळुरामच तिला गाडीतून घेऊन गेला.

दुपारी नैवेद्य दाखवायला विश्राम वाकला आणि तसाच थिजला. हातोड्याशेजारी कुंकू लावलेली ब्रेकची खीळ होती, पाय सरळ केलेले.

"ही इथं कोनी ठेवली?"

"काळूभावजींनी," बायको जनी म्हणाली. "म्हनले, वरीसभर जीव सांभाळते, तिलाबी पूजा मिळू दे. तिच्या जागी देवीचा लाल दोरा बांधलाय."

दोरा! ब्रेकला! आजही मला हे लिहिताना संताप येतो.

विश्रामने खीळ उचलली. जनीने त्याचं मनगट धरलं. "अवो, नका! लेक पोटुशी हाय, दोष लागंल!" तिला ढकलून तो धावत सुटला. मागून ती ओरडत.

मी, विश्रामचा शेजारी, तेव्हा किल्ल्याखालच्या खाडीच्या धक्क्यावर होतो. गाडी देवळाकडून परतताना उताराला लागलेली मी पाहिली. दोरा कधीच तुटला होता, नट गळून पडला होता, ब्रेकचा लाकडी ठोकळा नुसता लोंबत होता. गाडी मागून रेटत होती आणि घोडा जिवाच्या आकांताने पळत होता. आत नंदा. पुढे खाडी.

विश्रामने आडवं येऊन घोड्याचा लगाम धरला आणि त्याला बाजूच्या चिखलात ओढलं. गाडी रुतून थांबली. नंदाला खरचटलंसुद्धा नाही. विश्राम मात्र खाली पडला होता आणि चाक त्याच्या उजव्या हातावरून गेलं होतं.

माणसं जमली. जनीने धापा टाकत पूजा मोडल्याचं सांगितलं, आणि काय सांगू, सगळ्यांच्या माना डोलल्या! देवीनेच हात घेतला म्हणे. काळुराम तर रडत रडत सर्वांत मोठ्याने तेच म्हणत होता. मी खिळीचं सांगू लागलो, तर मलाच गप्प केलं.

नंदा पोटाशी हात धरून बापाकडे बघत होती. "बा, कशाला उचललंस ते? माझ्या बाळाला काय झालं म्हंजे?"

हात चिरडला तेव्हा विश्राम ओरडला नव्हता. आता मात्र ढसाढसा रडला.

पोरगं धडधाकट झालं. पण नंदाने ते बापाच्या मांडीवर कधी दिलं नाही.