कडक भाकरीची मुलाखत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सिद्धेश्वरीबाईंच्या कडक भाकरीला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पापडाला लाजवेल इतकी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ली की दुसऱ्या पदार्थाची आठवण होऊ नये अशी. सणाला पुण्या-मुंबईकडे निघालेला माणूस पिशवीत तिचं पाकीट घेतल्याशिवाय गाडीत बसत नसे. एकच बारीकशी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. भाकरी सिद्धेश्वरीबाई करतच नव्हत्या.

भाकरी करत होते त्यांचे यजमान, मल्लप्पा. ते काम करत तो यंत्रमागाचा कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले, त्याच सुमारास भाकऱ्या थापून थापून बाईंचं मनगट धरलं. मोठी ऑर्डर हातात, आणि परातीवर हात टेकवला की डोळ्यांत पाणी. शेवटी एका दुपारी मल्लप्पांनी काही न बोलता परात आपल्याकडे ओढली. पहिल्या भाकऱ्या अशा निघाल्या की गायीनंही तोंड फिरवलं असतं. पण माणूस हट्टी. हळूहळू हात असा बसला, की बाईंची स्वतःची भाकरी त्यांच्या भाकरीपुढे रोटासारखी जाड दिसायला लागली. तेव्हापासून चटणी, गिऱ्हाईक, पाकिटं बाईंकडे आणि भाकरी मल्लप्पांकडे.

अट एकच, ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. "पेठेत ताटाखालचं मांजर म्हनतील मला," मल्लप्पा म्हणाले होते. बाईंनी सिद्धरामेश्वराची शपथ घेतली आणि ती पाळली. सकाळी मागच्या खोलीचं दार लावून हा गृहस्थ भाकऱ्या थापायचा. मग आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवून कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर असा बसायचा, की बघणाऱ्याला वाटावं, बायको राबते आणि हा बसून खातो. लोक तसं म्हणायचेही. मल्लप्पांना ते चालत होतं. पुरुषाच्या अब्रूचं गणित हे असं असतं, ते सोडवायला जाऊ नये.

आणि मग मुबीनचा फोन आला. मुबीन पलीकडच्या गल्लीतला मुलगा. सोलापुरातल्या कष्टाळू माणसांना बोलावून त्यांच्याशी गप्पा मारायचा, त्याच्या पॉडकास्टला प्रेक्षक बरेच होते. "मावशी, तुम्ही यायलाच पाहिजे," तो म्हणाला. बाईंनी हो म्हटलं आणि लगेच लेकीला फोन लावला. तयारी करून घ्यायला लेक ऋतुजा पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आली.

ऋतुजानं आईला खुर्चीत बसवलं आणि समोर मोबाइल उभा केला. नुसतं 'व्हय' आणि 'न्हाय' म्हणून थांबायचं नाही. कॅमेऱ्याकडे नाही, मुबीनकडे बघायचं. माइकपासून लांब सरकायचं नाही. एखादा प्रसंग सांगायचा तर तो माणसांसकट सांगायचा. इथवर ठीक चाललं होतं.

"आणि आई, बांगड्या काढून ठेव. माइकमध्ये किणकिण येते."

"काढू? तुजा बाप जित्ता हाय अजून!"

"हाय की," मल्लप्पा आतून म्हणाले. त्यांनीच तोड काढली. बांगड्या कोपराकडे सारून वरून रुमाल बांधायचा. बाईंनी हात हलवून बघितला. आवाज बंद.

मग ऋतुजा मुद्द्यावर आली. "संघर्ष सांगावा लागेल आई. त्याशिवाय लोक शेवटपर्यंत बघत नाहीत."

"कसला संघर्ष? सिलिंडर संपलेला?"

"तसा नाही गं. कुणी विरोध केला, कुणी त्रास दिला..."

बाई विचारात पडल्या. त्रास द्यायला सासू नव्हती, दीर पंढरपूरला, नणंद भोळी. तेवढ्यात मल्लप्पा बाहेर येऊन बसले आणि भाजी आणू का, असं विचारावं तितक्या सहज म्हणाले, "मला दारुडा कर की."

"काय?"

"दारू प्यायचा, शिव्या द्यायचा, परात फेकायचा म्हन. माजं काय जातंय?"

हा माणूस दुसरा चहासुद्धा घेत नाही, पित्त होतं म्हणून. ऋतुजा आधी पोट धरून हसली. मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, "चालेल पण."

"अवो, जिभेला काय हाड? पेठेत काय म्हनतील?"

"दारुडा म्हनतील. पेठेत काय कमी हायत? त्ये चालतंय की. भाकऱ्या थापतो म्हनलेलं न्हाय चालत."

बाईंना राग आला, आणि रागाच्या खाली फार वाईट वाटलं. ज्या हातावर घर चाललं, लेक शिकली, त्याची या माणसाला दारूपेक्षा जास्त लाज वाटत होती. दिवसभर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. उखळात शेंगदाणे मात्र असे कुटले की शेजारीण विचारायला आली, भांडण झालं का म्हणून.

मुलाखतीच्या दिवशी भाकऱ्यांची टोपली मल्लप्पांनीच उचलली. मुबीनची खोली माडीवर होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना फोम लावलेला, आणि त्याच कारणासाठी पंखाही बंद. मल्लप्पा दाराजवळच्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या मागे बसले.

सुरुवात छान झाली. बाईंनी मनगटाचं दुखणं सांगितलं, चटणीला पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं ते सांगितलं. ऋतुजा मागून अंगठा दाखवत होती. मुबीननं एक भाकरी माइकजवळ नेऊन मोडली. कडाक्! "ऐकलंत?" तो प्रेक्षकांना म्हणाला. मग बाईंकडे वळला. "मावशी, काकांचा विरोध होता का हो?"

मल्लप्पांनी खुर्चीतून मान हलवली. म्हण, म्हण.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी वाकडा शबुद काडला न्हाय कदी. दारूच्या थेंबाला शिवले न्हाईत."

ऋतुजाचा अंगठा खाली आला. मुबीननं सावरून घेतलं. "वा! पण मावशी, कमाल या हातांची आहे. प्रेक्षकहो, बघा हे हात."

कॅमेरा हातांवर आला. बाईंनीही बघितलं. बोटं शाबूत, एकही डाग नाही. तव्याचे चटके दुसऱ्याच बोटांवर होते, आणि ती बोटं आत्ता पांढऱ्या शर्टाच्या खिशाशी चाळा करत होती. मुबीन सलाम करायला कपाळाशी हात नेत होता. तो सलाम घेणं बाईंच्यानं होईना.

"भाकरी ह्या हातची न्हाय, बाळा," त्या म्हणाल्या. "कुनाच्या हातची, ते न्हाय सांगनार. शपथ घेतलीया. पर माजी न्हाय."

मुबीनला वाटलं, कामाला बाई ठेवली असेल. तो हातातल्या कागदावर पुढचा प्रश्न शोधू लागला. बाई खाली मान घालून बसल्या. आता धंदा जाईल, आणि नवराही बोलायचा नाही, असं त्यांच्या मनात आलं.

मागून खुर्ची सरकली.

"माज्या हातची हाय," मल्लप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक की मुबीनला पुन्हा विचारावं लागलं. मग ते मोठ्यानं म्हणाले, "मी थापतो. कारखाना बंद झाल्यापासनं मीच थापतो."

मुबीननं त्यांना बाईंच्या शेजारी बसवलं. का लपवलं, असं विचारल्यावर मल्लप्पांनी टोपली जवळ ओढली. "लाज वाटायची," ते म्हणाले. "हिला म्हनलं, मला दारुडा कर. तर ही तेबी करंना." एवढं बोलून ते रडले. बायकोच्या हातावरचा रुमाल सोडून त्यांनी डोळे पुसले, आणि पुढची सगळी मुलाखत बांगड्यांच्या आवाजासकट रेकॉर्ड झाली.

भाग प्रसिद्ध झाला तेव्हा पेठेत व्हायचं ते हसं झालं. कट्ट्यावर दोघा-तिघांनी "काय भाकरीवाले?" म्हणून हाका मारल्या. मल्लप्पा दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत. बाईंना वाटायला लागलं, आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकिटावरच्या नंबरवर फोन आला. अक्कलकोटकडचा कुणी चनबसप्पा होता.

"किती पाकिटं पाटवू?" बाईंनी विचारलं.

"पाकिटं नकोत, अक्का. मालक हायत का?" तो अगदी दबक्या आवाजात बोलत होता. "बायको अंथरुनाला खिळलीय. पोरांना भाकरी करून घालतो, पर मोडती. कुनाला विचारू? गावात हसतील."

बाईंनी फोन मल्लप्पांकडे दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन कानाला लावून अंगणात गेले. पाणी उकळतं पाहिजे, पीठ जुनं नको, तळव्यानं मळायचं, असं ते सांगत होते. मग पलीकडून त्या माणसानं काहीतरी विचारलं असावं, कारण मल्लप्पांचा आवाज एकदम चढला. कट्ट्यावर बसलेल्यांनी माना वळवल्या.

"दार कशाला लावतोस, येड्या? धुरानं डोळे जातील. उगडं ठेव, आनि थाप!"