पेटीतला चमचा

पुंजारामसारखा हुशार अन् पुंजारामसारखा मूर्ख माणूस आख्ख्या चांदूर बाजारात सापडाचा नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, माझं टेलरिंगचं, मधात एकच भिंत. तीस वर्षं झाली.

त्याच्या बायकोले, पंचफुलावहिनीले, कंपवात झाला. हात असा थरथरे का घास तोंडापर्यंत पोचेच ना. सून गुणाची होती, भरवाले बसे. पण वहिनी मानी बाई. "मी का आता तान्हं लेकरू झाली?" म्हणत, अन् ताट सरकवून देत.

पुंजारामनं सहा महिने खटपट करून एक चमचा बनवला. दांड्यात सायकलचे छर्रे अन् एक वजन असं बसवलं, का हात कितीबी हालो, चमच्याचं तोंड जाग्यावर राहे. त्या चमच्यानं वहिनी पहिल्यांदा वरणभात जेवल्या तवा रडल्या. मीबी रडलो, खोटं काहून बोलू!

गणपतीत मंडळानं तो चमचा मंडपात मांडला. वहिनीनं चारचौघांत शिरा खाऊन दाखवला. पेपरात फोटो आला, तारखेसकट. पुंजारामनं कात्रण लॅमिनेट करून दुकानात लावलं.

मंग कोणीतरी त्याच्या डोक्यात पेटंट भरलं. चमच्याले पंचफुलाचं नाव द्याचं, तेबी सरकारी कागदावर, हाच ध्यास. अमरावतीच्या वकिलानं सांगितलं, अर्ज दाखल होईस्तोवर वस्तू कोणाले दाखवू नका. झालं! या शहाण्यानं चमचा पेटीत टाकून कुलूप लावलं. घरात शेजारीपाजारी येतात, कोणी पाहीन म्हणे. "अबे, दार लावून जेवू दे तिले," मी म्हटलं. नाही म्हणजे नाही.

अर्जाची चित्रं वकिलानं तीनदा वापस पाठवली. महिने चालले. वहिनी सुनेच्या हातानं दोन घास खात अन् पुरे म्हणत. अंगावर मास राहिलं नाही. एक दिवस माझ्यासमोरच त्याले म्हणाल्या, "अवो, मले कागद नको. चमचा द्या."

"थोडेच दिवस, पंचफुला," तो म्हणाला. "तुयंच नाव लागून राहिलं."

चमचा पेटीत गेल्यापासून सातव्या महिन्यात वहिनी गेल्या. अर्ज त्याच्यानंतर एका महिन्यानं दाखल झाला. त्यात कात्रण जोड म्हणून मीच सांगितलं होतं. म्हटलं, साहेबाले पटीन का चमचा खरंच चालते. माझी अक्कल चरायले गेली होती. वकिलानंबी न पाहता तसंच पाठवलं.

दोन वर्षांनी उत्तर आलं. पुंजारामनं ते माझ्याकडून वाचून घेतलं. अर्ज नामंजूर. ही वस्तू अर्जाच्या आधीच लोकांसमोर आली होती, म्हणून ती नवी धरता येत नाही. पुरावा म्हणून आमच्याच कात्रणाची झेरॉक्स. त्यात वहिनी हसत शिरा खाऊन राहिल्या होत्या.

पुंजारामनं त्या झेरॉक्सवरच्या तारखेवर बोट ठेवलं. मंग म्हणाला, "देवीदास, म्हणजे पेटंट तवाच गेल्तं? गणपतीतच?"

"हो."

"मंग चमचा लपवून काहीच फायदा नोता?"

खोटं बोलावं वाटलं. देवाशप्पथ वाटलं. पण कागद त्याच्या हातात होता.

"नोता," मी म्हटलं.