हिरवळीवरची करपलेली वाट

पंपवाले काका जन्मभर लोकांच्या टाक्यांत पाणी चढवून देत आले. स्वतःच्या दारातल्या हिरवळीला मात्र ते हल्ली थेंबभर पाणी घालत नव्हते.

काकू होत्या तेव्हा या हिरवळीवरून दोघांची रोज जुंपायची. काकू संध्याकाळी नळी घेऊन वरवर शिंपडायच्या. काका म्हणायचे, "अगं, पाणी घालतेयस की गवताचं तोंड पुसतेयस? दोन-तीन दिवसांनी घाल, पण पहाटे घाल आणि मुळापर्यंत जाऊ दे." खताचंही तेच. काकांना कुजलेलं शेणखत पसंत. काकूंना युरिया, कारण तो लगेच रंग दाखवतो.

त्या दुपारी काकूंनी कोरड्या गवतावर मुठीमुठीने युरिया फेकला. "पाणी संध्याकाळी घालते," म्हणून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. घर माणसांनी भरलं. हिरवळीचं भान कोणाला असणार? दवाने खत विरघळलं आणि गवत करपलं.

माणसं पांगल्यावर काकांनी दार उघडलं, तर काकू हिरवळीवरून कशा चालत गेल्या ते दिसत होतं. त्या डावखुऱ्या. प्रत्येक मुठीचा पिवळा पट्टा डावीकडून वळलेला. कुंपणाशी एक गोल डाग. तिथे त्यांनी धाप लागून खताची टोपली टेकवली असणार. तेव्हापासून काका रोज त्या पट्ट्यांच्या कडेकडेने चालत. डागापाशी आले की पाठीमागे धापेचा आवाज येई. मागे कोणी नसलं तर, या भीतीने ते वळून पाहत नसत.

मग लेक राहायला आली.

"बाबा, पंपवाल्याच्या दारात दुष्काळ? लोक हसतील की!"

"हसू देत. पाणी घातलं की कडेचं गवत आत सरकतं."

"मग सरकू दे ना."

"तुझ्या आईचा हात पुसला जाईल गं."

 लेकीने उकिडवं बसून पट्ट्यांमधलं गवत मुठीत धरलं. ते मुळासकट हातात आलं.

"बाबा, हेही वाळत चाललंय. सगळंच पिवळं पडलं तर आईचे पट्टे दिसणार कशात?"

काकांनी वाकून पाहिलं. खरंच, दाराजवळचे दोन पट्टे आता शोधावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी नळी जोडली. काकू गेल्या होत्या त्याच वाटेने, एकेक पट्टा आजूबाजूच्या गवतासकट भिजवत निघाले. पाणी खोल मुरेपर्यंत पुढे सरकत नव्हते. शेणखत नंतर, मुळं सावरल्यावर.

लेक चहा घेऊन बाहेर आली. "तो कुंपणाजवळचा डाग राहिला, बाबा."

"तिथे ती दम खातेय. एकदम अंगावर पाणी कसं सोडू?"

लेकीने कप कठड्यावर ठेवला. काकांनी डागाकडे पाहिलं. मग, "सरक गं जरा," असं हलकेच म्हणून त्यांनी नळी तिकडे वळवली.