बापूच्या बरणीतला मासा

बापू गेल्याचं कान्हे गावच्या दूधवाल्यानं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे... आता त्या माशाचं कसं ठरणार? मित्र गेल्यावर मासा आठवावा, हे काही बरं लक्षण नाही. पण लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारा बापू मला दिसतो तो ओढ्यात धोतर गुडघ्यावर खोचून, फडकं पसरून वाकलेलाच. बोटाएवढे मासे धरायचे, बरणीत घालून निरखायचे, जात खवली की मुरी ते ठरलं की परत सोडायचे. खाण्याचं नाव नाही. लोक त्याला वेडा म्हणत. दर रविवारी त्याच्याबरोबर जाणारा मी तरी कुठे शहाणा होतो...

शेवटचा मासा कार्ल्याच्या ओढ्यातला. शेपटीशी काळा ठिपका, म्हणून मी म्हटलं, मरळीचं पिल्लू, हातभर होईल. पंखांना तांबूस कड, म्हणून बापू म्हणाला, डोकऱ्या, एवढाच राहणार. मग वाढतो का ते बघायला त्यानं बरणी घरी खिडकीत ठेवली आणि तिच्यावर माशाच्या लांबीएवढी शाईनं खूण केली. वाद इतका लांबला की मला त्याचं पटलं आणि त्याला माझं, आणि आम्ही बाजू बदलून भांडू लागलो. पुढे पुन्हा बदलल्या की काय, देव जाणे. रेशनच्या साखरेचा चहा संपवून मी उठताना तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी बघू." आणि मग त्याला ताप भरला.

दिवसकार्य आटोपल्यावर बापूच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी बरणी पुढ्यात ठेवली.

"भाऊजी, शेवटी त्यांनी इचारलं, वाढलाय का? मी म्हनले, व्हय, लय वाढलाय. खरं तर मी बघितलंबी न्हवतं. त्यांना बरं वाटावं म्हून..." त्यांनी पदरानं बरणी पुसली. "तेच ऐकायचं व्हतं न्हवं त्यांना?"

"ऐकून काय म्हणाला?"

"हसले. मग डोळं मिटलं."

जिंकल्याचं हसू की हरल्याचं? त्या दिवशी बापू कुठल्या बाजूला होता, हे आठवून आठवून माझं डोकं शिणलं. बरणी उजेडात धरली. मासा खुणेपाशी सरळ राहीना. वर आला, हवा घेतली, खाली गेला. कधी वाढल्यासारखा वाटे, कधी होता तेवढाच. बापूशिवाय मला काही म्हणजे काही ठरवता येईना, आणि तो नसल्याचं दुःख मला तिथे, त्या बरणीपुढे, पहिल्यांदा झालं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"पुढच्या रविवारी बघू," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि बरणी परत खिडकीत ठेवली. तेव्हापासून मी दर रविवारी जातो, मासा बघतो, चहा घेतो, आणि उठताना तेच सांगतो.