कूलंटचा वास येईनासा झाला

माझी नजर एकदम गेली नाही. लग्नानंतर काही वर्षांतच रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि शेवटी समोरचंही. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. फळ्यावर मीच लिहिलेली ओळ मला सापडेना, तेव्हा राजीनामा दिला. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही, हे गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आता समोर उजेड आहे की नाही, एवढंच कळतं.

सगळं दिसणं थांबल्यावर हळूहळू वास अंगावर यायला लागले. फ्रीज उघडला की कुठल्या कप्प्यातली कोथिंबीर सडायला लागली आहे ते समजायचं. सासूबाई दारात आल्या की त्या बोलायच्या आधी त्यांच्या मिसरीचा वास यायचा. खालच्या मजल्यावर कुणाच्या घरात आजारी माणूस आहे, हे जिना चढताना कळायचं, आणि ते मला नको असायचं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुमचं नाक काही बदललेलं नाही. पण मेंदूचा जो भाग बघण्याचं काम करत होता, त्याचं काम गेलं. तो रिकामा बसत नाही. ऐकणं, स्पर्श, वास, या कामांत तो हात घालायला लागतो. आणि दुसरं म्हणजे, पूर्वी तुम्ही वासांकडे लक्षच देत नव्हता. आता मेंदूला दुसरा आधार नाही, म्हणून तो त्यांतलं बारीकसारीक वेगळं करायला शिकतोय."

"म्हणजे चांगलंच झालं की," माझे मिस्टर शेजारून म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच आनंद होता.

मी विचारलं, "डॉक्टर, हे थोडं कमी करता येतं का?"

दोघेही हसले. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं.

मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होते. लोखंड कापताना ते तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. त्याचा तेलकट, आंबूस वास त्यांच्या शर्टाला, मनगटांना, अगदी कानामागेही असायचा. लग्न झालं तेव्हा मला तो आवडत नव्हता. पुढे तो आला की माणूस घरी आलं, असं झालं.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते आले, डबा माझ्या हातात दिला, आणि कूलंटचा वास आला नाही. मशीन बंद असेल, मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशीही आला नाही. शर्ट धुवायला टाकताना मी तो नाकाशी धरला. कोरडा, घशात जाणारा वास होता. फोडलेल्या कांद्याचा नव्हे, साठवलेल्या कांद्याचा. वाळकी सालं, धूळ, गोणपाट. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, आमच्या घराला लागूनच कांदे साठवायची चाळ होती. त्या वासात माझी चूक होणं शक्य नव्हतं.

सासूबाई निवडायला भाजी घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, हे हल्ली कसे दिसतात हो?"

"कसा म्हंजे? बरा हाय की. लय दमतो, पण ते तर पहिल्यापासूनच."

त्यांना दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसतं.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज मशीन कसं चाललं?"

"चाललं की. एक नवीन पोरगं आलंय, त्याला शिकवण्यातच दिवस गेला. टूल कसं बसवायचं तेही माहीत नाही त्याला." ते बराच वेळ त्या पोराबद्दल बोलत राहिले. तो कुठून आला, कसा बावळट आहे, चहा किती पितो. इतकं जपून रचलेलं खोटं मी पहिल्यांदाच ऐकत होते. घास गिळत मी "हो का, हो का" करत राहिले.

दिवसभर माझ्या मनात तेच घोळायचं. पण करणार काय? अंबडला जाऊन बघावं, तर बघायला डोळे नाहीत. कारखान्यात फोन करून विचारावं, तर त्यांची लाज जाईल. एकदा धीर करून जुन्या शाळेतल्या एका बाईंना फोन केला, घरी शिकवणीला मुलं मिळतील का म्हणून. त्या फार गोड बोलल्या. "पण वह्या कोण तपासणार हो?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मीच घाईघाईने विषय बदलला.

शेवटी एका रविवारी, सासूबाई खाली गेल्या होत्या तेव्हा, मी बोलले. ते ओट्यापाशी भांडी पुसत होते.

"तुम्ही कांद्याच्या खळ्यावर कामाला जाता ना?"

भांड्यांचा आवाज थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. शर्टाला वास येतो."

त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "कंपनीने आमची लाइन बंद केली. या वयात दुसरीकडे मशीनवर कुणी घेईना. विंचूरला एका व्यापाऱ्याकडे गोण्यांचा हिशेब ठेवायचं काम मिळालंय. सकाळच्या बसने जातो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून तू काय करणार होतीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ते खरोखरच विचारत होते, आणि मी खरोखरच उत्तर शोधत होते.

"मला तसं म्हणायचं नव्हतं गं," ते म्हणाले.

"बरोबरच म्हणालात," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा भांडं हातात घेतलं.

त्यानंतर ते संध्याकाळी घरात शिरले की आधी सरळ मोरीत जायला लागले. साबण लावून अंघोळ, धुतलेले कपडे, वर भरपूर पावडर. मग माझ्याजवळ येऊन बसायचे. आईपासून काही लपवायचं झालं तर त्यांना चेहरा सांभाळला की पुरायचं. माझ्यापुढे अंगाचा वाससुद्धा सांभाळावा लागत होता. बिचाऱ्यांना घरात एवढीही आडोशाची जागा मी ठेवली नव्हती, आणि मला ती ठेवता येत नव्हती. श्वास तर घ्यावाच लागतो.

थंडी वाढली तसा एके दिवशी पावडरच्या खालून बामचा वास आला. पाठीला, खांद्यांना, भरपूर चोळलेल्या बामचा.

मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बसमध्ये शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. अंगभर बाम. माझ्याही कपड्यांना लागलाय बघ."

आताच अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ते आले होते. हिशेब ठेवणाऱ्याची पाठ अशी दुखत नाही, गोण्या उचलणाऱ्याची दुखते. हे त्यांना माहीत होतं, मलाही.

"थंडीत लावतातच म्हातारी माणसं," मी म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटल्याचं मला ऐकू आलं.

मी आत जाऊन चहा केला. एरवी मी कप समोरच्या टीपॉयवर ठेवते आणि ते उचलून घेतात. त्या दिवशी चाचपडत त्यांच्या हातापर्यंत नेऊन दिला, म्हणजे त्यांना वाकावं लागू नये.