तवसाळ्याचा डबा

सण म्हटला की अनुपमा परबच्या कपाळावर आधी आठी उमटते, टिकली मागाहून लागते. तसं तिचं सणांशी वाकडं नाही. भांडुपच्या चाळीत लहानपणी गौरीपुढे फुगड्या घालून घालून तिने शेजारच्या पोरींना जेरीस आणलं होतं. पण मुलगी ऋतिका मुलुंडच्या इंग्रजी शाळेत जायला लागली, आणि घरातले सगळे सण शाळेने ताब्यात घेतले.

शाळा सण साजरा करते म्हणजे काय करते? मोबाइलवर एक सूचना पाठवते. पुढचं सगळं आयांनी निस्तरायचं. राखी हवी ती टाकाऊतून टिकाऊ. गणपती हवा तो शाडूचा, शिवाय 'मुलाने स्वतः बनवलेला', म्हणजे आईनेच करायचा आणि सोंड मुद्दाम थोडी वाकडी ठेवायची. अनुपमा घाटकोपरला विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे दावे निकाली काढते आणि घरी येऊन शाडू मळते. नवरा सुशांत दारातून डोकावतो, "एवढं काय टेन्शन घेतेस गं," म्हणतो, आणि ते टेन्शन होतं तिथेच ठेवून आंघोळीला जातो.

नवरात्रात सूचना आली ती भोंडल्याची. तिसरी 'ब'चा भोंडला शनिवारी, पालकांसह. पाटावर मधोमध हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की खिरापत. खिरापत म्हणजे खाऊच, पण झाकलेला. डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं, गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं. जिची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही, ती पोरगी त्या दिवसाची राणी.

गेल्या वर्षी अनुपमाने कोपऱ्यावरच्या दुकानातून चकल्या नेल्या होत्या. डबा जरा हलला न हलला तोच वर्गातला सम्यक म्हणाला, "चकली." पाटावरच्या हत्तीनेसुद्धा ओळखलं असतं. वर आणखी तिघींनी चकल्याच आणलेल्या, त्यामुळे अर्धा डबा तसाच घरी आला. ऋतिकाने आईशी अबोला धरला. आणि सासूबाईंनी, राधाबाईंनी, डबा उघडून पाहिला, मिटला आणि एवढंच म्हणाल्या, "खिरापतीचो डबो भरललो घराक येता काय कधी?" त्यांच्या देवगडकडच्या गावात डबा रिकामा येणं हेच करणारणीचं बक्षीस. भरलेला आला की तिच्या हाताला नाव ठेवल्यासारखं. दुकानदाराच्या हाताला नाव ठेवलं गेलं होतं, पण ते सासूबाईंना कोण समजावणार.

त्यामुळे यंदा ऋतिकाने आधीच बजावलं. "मम्मी, असं काहीतरी कर की कुणाला म्हणजे कुणालाच ओळखता येणार नाही."

"तू आधी परवचा पाठ कर," अनुपमा म्हणाली.

पण आतल्या खोलीतून आवाज आला. "मी करतंय गो. तवसाळा करतंय. कोण वळाखता ता बघतंय मी."

आता तवसाळं म्हणजे काय, तर पिकल्या मोठ्या काकडीचा गोड केक. काकडी किसायची, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालायचं आणि मंद आचेवर खाली-वर खरपूस भाजायचं. अनुपमा चमकली. तवसाळ्यामुळे नव्हे, राधाबाईंमुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून म्हातारी ओट्याशी उभीच राहिली नव्हती. रोज सकाळी "माका काय काम हा?" विचारायची आणि सगळे "तुम्ही बसा," म्हणायचे. बसून बसून तिचा आवाजच बारीक झाला होता. कितीतरी महिन्यांनी तो पुन्हा घरभर ऐकू आला. अशा वेळी नको कोण म्हणणार? आणि नको न म्हणता हा डबा रिकामा घरी आणायची जबाबदारी कुणाची? अर्थात अनुपमाची. या घरात जबाबदारीला दुसऱ्या कुणाचा पत्ताच ठाऊक नाही.

मग सुरू झाली काकडीची शोधमोहीम. मुलुंडच्या मंडईत कोशिंबिरीच्या काकड्या ढिगाने, पण पिवळी, हाताएवढी तवशी कुणाकडे नाही. एका भाजीवाल्याने तिला दुधी दाखवला आणि वर म्हणाला, "मॅडम, किसल्यावर कोण बघतंय?" शेवटी भांडुपला माहेरच्या गल्लीत गाववाली भाजी घेऊन बसते, तिच्याकडे मिळाली. ऑफिसची पर्स एका खांद्याला आणि तान्ह्या पोरासारखी काकडी दुसऱ्या हातात, असं ध्यान घेऊन अनुपमा घरी आली. पोटात सकाळपासून वाटीभर साबुदाणा. नवरात्राचे नऊ दिवस तिचा उपास असतो. लग्नानंतर बरीच वर्षं मूल होईना, तेव्हा तिने देवीला बोललेला. ऋतिका झाली, तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही. फक्त या दिवसांत तिच्यापुढे कुणी जास्त बोलू नये.

आणि नेमकं तेव्हाच शाळेला बोलायचं होतं. ग्रुपवर सूचनांची रांग लागली. शेंगदाणे, काजू, बदाम नकोत, काही मुलांना चालत नाहीत. ठीक आहे. तेलकट नको. ठीक. डब्यावर मुलाचं नाव, पदार्थाचं नाव आणि आतले सगळे जिन्नस ठळक अक्षरांत लिहावेत.

अनुपमाने ते दोनदा वाचलं आणि ग्रुपवर विचारलं, "नाव वरच लिहिलं तर मुलं ओळखणार काय?"

त्यावर वर्गशिक्षिका श्वेता मॅडमनी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? अनुपमाने चिठ्ठी लिहिली आणि डब्याच्या बुडाला चिकटवली. ठळक अक्षरांत.

काजूवरून घरात वेगळंच महाभारत. "काजीशिवाय तवसाळा? मगे पोरांका काकडीच देवया ना," राधाबाई म्हणाल्या. शेवटी काजू गेले आणि त्यांच्याऐवजी खोबऱ्याच्या कातळ्या आल्या. पण शुक्रवारी संध्याकाळी म्हातारी ओट्याशी उभी राहिली ती राहिलीच. एका हाताने ओटा धरून दुसऱ्याने किसत होती. अनुपमा "मी किसते, तुम्ही सांगा," म्हणाली तर कोपराने बाजूला सारलं. कढईवर ताट, ताटावर निखाऱ्यांऐवजी तापलेला तवा, असा सगळा गावचा थाट गॅसवर मांडला. वेलचीचा वास जिन्यापर्यंत गेला. सुशांत कामावरून आला आणि म्हणाला, "आई, झकास वास सुटलाय." राधाबाईंनी त्याला तुकडा दिला नाही. आधी पोरांका, म्हणाल्या.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये भोंडला उभा राहिला. म्हणजे स्पीकर उभा राहिला. गाणी त्यातून वाजत होती आणि पोरं ओठ हलवत पुठ्ठ्याच्या हत्तीभोवती फिरत होती. मधेच स्पीकरने दुसरंच कुठलंतरी गरब्याचं गाणं लावलं, तर पोरं जास्तच खुलली. भिंतीशी उभ्या आया नटून थटून मोबाइल धरून होत्या. अनुपमा डबा धरून होती.

खिरापती सुरू झाल्या. चिवडा ओळखला गेला, शंकरपाळे ओळखले गेले, चॉकलेटचे मोदक तर वासावरूनच गेले. मग ऋतिकाची पाळी आली. तिने डबा हलवला. आवाजच नाही.

"इडली," सम्यक म्हणाला.

"नाही."

"ढोकळा. शिरा. पुरणपोळी." सगळीकडून नावं यायला लागली. "पिझ्झा." ऋतिका मान हलवत होती आणि तिचे गाल लाल होत चालले होते. श्वेता मॅडमनीही दोन नावं घेऊन पाहिली. शेवटी अख्खा वर्ग म्हणाला, हरलो. ऋतिकाने अनुपमाकडे असं पाहिलं की अनुपमाला वाटलं, जाऊ दे, भांडुपपर्यंत केलेली पायपीट वसूल झाली.

"तवसाळं," ऋतिका म्हणाली आणि झाकण उघडलं. "काकडीचा केक. माझ्या आजीने केलाय."

पोरांनी माना पुढे काढून डब्यात पाहिलं. मग एक बारीक आवाज आला, "काकडी? गोड?"

मुलं वाईट नव्हती. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी हसलं नाही. मॅडमनी "वा, किती हेल्दी," म्हणून ऋतिकाच्या पोलक्यावर सोनेरी चांदणी चिकटवली. पण हेल्दी म्हटल्यावर तिसरीतलं कुठलं पोर पुढे येईल? दोघातिघांनी तुकडा घेतला, चाटून पाहिला आणि कागदी रुमालात गुंडाळून हळूच कचऱ्याच्या टोपलीत टाकला. ऋतिकाने ते पाहिलं. बाकी सगळी फौज चॉकलेटच्या मोदकांकडे वळली. ऋतिका उघडा डबा घेऊन तिथेच उभी होती आणि जो जवळून जाईल त्याला, "घे ना, छान आहे," म्हणत होती. अनुपमाला ते बघवेना. ओळखू येऊ नये म्हणून केलेल्या पदार्थाला कुणी ओळखच दाखवली नाही, तर रागवायचं कुणावर?

"मॅडम, तुम्ही घ्या ना," तिने श्वेता मॅडमपुढे डबा धरला.

"अय्यो, माझा उपास," मॅडम म्हणाल्या.

शेजारच्या दोघी आयांचा उपास. सफाईच्या मावशींचा उपास. गेटवरचा वॉचमन राजाराम, त्याने तर हात जोडले, "ताई, नऊ दिवस अन्न नाही." अनुपमाचं डोकं सणकलं. अख्ख्या मुलुंडने नेमकं आजच पुण्य गोळा करायला घेतलं होतं.

दोघी शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. डबा मधे.

"मम्मी, आजीला सांगू नकोस," ऋतिका म्हणाली. चांदणी तिने काढून हातात चुरगळली होती. "ती सारखी विचारत होती, डबा रिकामा आणशील ना म्हणून."

"नाही सांगत."

"मग हे टाकून द्यायचं?"

अनुपमाने पायऱ्यांखालच्या कचऱ्याच्या टोपलीकडे पाहिलं. टाकणं सोपं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ओटा धरून ठेवलेला तो हात आला, आणि तिला स्वतःचाच राग आला, शाळेचा आला, त्या अंगठ्याचा आला, सगळ्यांचा आला. टाकायचं असतं तर काकडी मंडईतच सोडली असती ना.

"खा," ती म्हणाली.

"सगळं?"

"तुला जमेल तेवढं. उरलेलं मी."

"पण तुझा उपास..."

"देवी शाळेत नाही शिकली. तिला कळतं." आणि तिने पहिला तुकडा तोंडात टाकला.

खरं सांगायचं तर अनुपमाला तवसाळं कधी आवडलंच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात तिने ते गुपचूप पदराखाली लपवलं होतं. आता समोर ढीग होता आणि पदराची सोय नव्हती. तिने खाल्लं. एक, मग दुसरा, मग मोजणं सोडून दिलं. ऋतिकाने इमानाने हातभार लावला, मधे एकदा म्हणाली, "तसं वाईट नाहीये गं." घशाला गूळ चिकटत होता, दिवसभराच्या रिकाम्या पोटात तांदळाचा रवा दगडासारखा बसत होता, आणि शाळेतून बाहेर पडणाऱ्या आया दोघींकडे बघून, किती गोड मायलेकी, अशा चेहऱ्याने जात होत्या. अनुपमाला ओरडावंसं वाटत होतं. तोंड भरलेलं होतं म्हणून वाचल्या.

घरी राधाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऋतिकाने काही बोलायच्या आधीच त्यांनी डबा हातात घेतला, झाकण काढलं. आत कणसुद्धा नव्हता.

"कोणी वळाखल्यान?"

"कुणीच नाही," ऋतिका म्हणाली. "सगळे हरले. आणि सगळं संपवलं."

राधाबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी अनुपमाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. अनुपमा सोफ्यावर टेकली होती, श्वास वर येत नव्हता. म्हातारी खुर्चीवरून उठली, गुडघ्याला सावरत तिच्यापाशी आली आणि आपल्या पदराने तिच्या ओठाच्या कडेला लागलेला गुळाचा डाग पुसला. ऋतिकाच्या नाकाच्या शेंड्यावर होता, तोही पुसला.

मग राधाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि झाकलेली वाटी घेऊन आल्या. आत तवसाळ्याची खरपूस कड होती, सगळ्यात चांगली.

"तुझो उपास सुटल्यावर म्हणान काढून ठेवललंय," त्या म्हणाल्या. "आता रवांदे. तुझ्यान खावक व्हायचा नाय. मीच खातंय."

आणि त्या जमिनीकडे बघत एकट्याच खायला लागल्या. सावकाश, स्वतःच्या हातचं स्वतःच.

अनुपमाला वाटलं, ओरडावं. वाटलं, रडावं. पोटात तिळाएवढी जागा नव्हती. ती उठली, सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि हात पुढे केला.

"अर्धं द्या मला."